ठिकऱ्यांचं पोतं

रोवणा आटोपला की एक्स-रे खोलीबाहेरचं बाकडं भरतं.
पंधरा पंधरा दिवस बांध्यांत वाकलेल्या बाया
माझ्या टेबलावर सरळ निजायला भितात.
श्वास धरा, मी म्हणते. हलू नका.
पडद्यावर कणा उजळतो, गाडग्यांची उतरंड जशी,
आणि बहुतेकदा काहीच फुटलेलं नसतं.

काही नाही, म्हटलं की चेहरे उतरतात,
दुखणं खोटं ठरवल्यासारखे.

मग त्या उमेपलीकडे जातात, बिसनमामाकडे.
माझ्या आईचा धाकटा भाऊ. सातवी नापास.
त्याच्या गुरूनं एक मडकं फोडलं,
ठिकऱ्या पोत्यात घातल्या, तोंड शिवलं,
म्हणाला, आता बाहेरूनच जुळव.
तीन वर्षांनी जुळलं.
गुरूनं काही न बोलता दुसरं फोडलं.

माझी शाळा चंद्रपूरची, दोन वर्षांची.
मला हात लावायला शिकवलं नाही;
शिशाच्या भिंतीआड उभं राहायला शिकवलं.

आणि आता बसस्टँडमागे हर्षलचा फलक:
कायरोप्रॅक्टिक सेंटर, मान पाठ कंबर, पहिली भेट मोफत.
सातासमुद्रापार यासाठी चार-पाच वर्षं घासतात म्हणे,
प्रेतं चिरतात, परीक्षा देतात.
सिंदेवाहीपर्यंत येता येता त्याचे
नागपुरातले सहा रविवार उरले.
मान वळवतो, कट्ट वाजतं,
आवाज मोबाइलवर टिपून घेतो.
"ताई, हाड जागेवर आलं."

मी आधीचा फोटो काढला होता, नंतरचाही काढला.
हाड होतं तिथंच होतं.
पण वच्छला मात्र ताठ चालत घरी गेली,
डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन.
ती खोटं बोलत नव्हती.
फोटोही नाही.

मोहफुलं पडत होती तेव्हा
मामानं पार्बता निकुरेच्या पाठीवर अंगठा ठेवला,
आणि उचलला.
"रातचा ताप येते का वं तुले?"
लुनावर बसवून स्वतःच घेऊन आला माझ्याकडे.
दोन मणके कडेनं उंदरानं कुरतडल्यासारखे. क्षय.
महिनोन्‌महिने गोळ्या. वाचली.
कसं कळलं, मी विचारलं.
"कच्ची ठिकरी होती. दाबली असती तं भुगा झाला असता."

हे त्याला पोत्यानं शिकवलेलं नाही.
एकदा त्यानं दाबलं होतं, जोरात, घाईत.
सोनबा मोहुर्लेचा डावा पाय तेव्हापासून लुळा.
दर दिवाळीला मामा त्याच्या दारात
दोन कुडव तांदूळ ठेवून येतो.
सोनबा ते घेतो. दोघंही बोलत नाहीत.

फायदा होते का बाई, लोक खिडकीतून विचारतात.
मी म्हणते, होतो कधी कधी, थोडा.
आधी फोटो काढा.
मान कोणाच्याच हाती देऊ नका.
आणि ज्याच्याकडे जाल त्याला विचारा,
आजवर किती जणांना हात न लावता परत पाठवलं?
हर्षल हसला होता. "एकालेही नाई."

अकरा वर्षं शिशाचा कोट घालून
माझीही कंबर गेलीय.
रविवारी मामाच्या चटईवर पालथी पडते.
फोटो काढला का, तो आधी विचारतो.
मग अंगठा टेकतो, आणि थांबतो.
"सोड," म्हणतो.
काय सोडू?
"श्वास, बाई. कधीचा धरून बसली आहेस."