बसच्या आरशात

रॉलिन्सपाशी त्यांनी हायवे बंद केला.
आडवं फाटक, वर मिचमिचणारे पिवळे दिवे,
आणि वारा असा की उभी बससुद्धा
दावं ताणणाऱ्या जनावरासारखी हिसके देत होती.

एकतीस-सहा हरून आलेली पोरं.
तोंडं उघडी, पाय वाटेत,
गुडघ्यांवरच्या बर्फाच्या पिशव्या वितळून
मी सकाळी पुसलेल्या फरशीवर ओहोळ.
इंजिन चालूच ठेवलं.
आरशात एकच दिवा जळत होता,
शेवटून तिसऱ्या सीटवर.

सेमिसी ताउफाहेमा.
एकशे चाळीस किलो.
दर डावाला तो लांबट चेंडू आधी त्याच्याच हातात असतो.
तो वाकतो, दोन पायांमधून मागे देतो,
आणि त्या क्षणापासून
अख्खं स्टेडियम दुसरीकडेच बघतं.
मीही तेच करायचो. कबूल करतो.

"सकाळी आठला शरीररचनेचा पेपर आहे. पोचू?"
"वाऱ्याला विचार," मी म्हटलं.
हसला नाही. पुढे येऊन पायरीवर बसला,
रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा मांडीवर.
"मिस्टर डगन, तुमचा हात द्या जरा.
माझा सुजलाय, हाडं लागत नाहीत."

दिला.
एकतीस वर्षं स्टिअरिंग धरलेला हात
कुणी असा मागितला नव्हता.
त्याचा अंगठा माझ्या मनगटावर फिरू लागला,
दुपारी ज्याने दोन-दोन माणसं थोपवली
त्याच हाताचा अंगठा, अंडं चाचपावं तसा.
ही होडी. हा चंद्र. हे तीन कोनांचं.
हा वाटाणा, बघा, कातडीखाली सरकतो.
सातपर्यंत आला आणि अडला.
डोळे मिटले. ओठ हलले.
मी त्या हाडाचा मालक, पण मला काय ठाऊक!
बाहेर एक ट्रकवाला शिव्या देत फाटकापाशी गेला, परतला.
"आकड्याचं," तो एकदम म्हणाला,
"आकड्याचं विसरलो होतो."

मग फोन वाजला. आई,
सॉल्ट लेकच्या इस्पितळात रात्रपाळीला चादरी धुणारी.
तो टोंगनमध्ये बोलला, खालच्या आवाजात,
आणि तेव्हा मात्र हसला.
स्कोअर सांगितला नसावा.

माझा हात परत देताना म्हणाला,
"ही तीन बोटं रात्री बधिर होतात ना?
दाखवून घ्या."
मी कुणालाच सांगितलं नव्हतं.
बायकोलाही नाही.

पहाटे पाचला फाटक उघडलं.
कॉलेजच्या दारात सात बावन्नला सोडला.
बूट हातात, मोज्यांवर, बर्फातून
तो एवढा मोठा देह धावत सुटला.
इतकं वेगात मैदानावर त्याला पाहिलं नव्हतं.

वसंतात पेपरात फोटो आला:
अभ्यास आणि खेळ, दोन्हींसाठी पदक.
आडनावात दोन अक्षरं चुकवलेली.
मी पेनने दुरुस्त केली, कात्रण उन्हाच्या झडपेत खोचलं.

डॉक्टरकडे अजून गेलेलो नाही.
लांबच्या चढावर बोटं झोपतात
तेव्हा मोजतो, होडी, चंद्र, तीन कोनांचं, वाटाणा,
आणि दर वेळी
सातावरच अडतो.