जादा किल्ली

पत्रात लिहिलंय, दोन कुलपं आणावीत.
मी खानापूरच्या बाजारात तीन दुकानं फिरलो,
एकेक कुलूप दाबून, उघडून, परत दाबून पाहिलं.
दुकानदार म्हणाला, "काय ओ, तिजोरी घेतलासा काय?"
म्हटलं, पोरगा चिल्क्याला चाललाय, नेव्हीत.
"आपल्याकडची पोरं पलटणीत जातात की,
हा पाण्यात कसा पडला?"

सुभेदार गुरवांनीही हेच विचारलं होतं.
वर म्हणाले, "जमीन कसली का असेना, पाय तरी टेकतो."
ते तुझ्या आईनं ऐकलं.
त्या रात्री आमटीत मीठ नव्हतं
आणि कुणी काही बोललं नाही.

रवळू, पाण्यात तुला मीच टाकला.
कौलांच्या कारखान्यानं माती काढून सोडलेल्या खड्ड्यात,
पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून.
दोरी माझ्या हातात.
मला पोहता येत नाही, हे तुला ठाऊक नव्हतं.
अजून नाही.

मग कागद.
शाळेच्या दाखल्यावर तू रवळनाथ.
तहसीलदाराच्या कानडी दाखल्यातून इंग्रजीत उतरताना
नावाच्या पोटात एक जादा ए शिरला.
तीन खेपा, एक स्टॅम्प पेपर, दोन साक्षीदार.
वकिलानं कानडीत वाचून दाखवलं, मी सही केली :
हे दोन्ही इसम एकच आहेत.
येताना बसमध्ये वाटलं,
तू परत येशील तेव्हा
हा कागद पुन्हा लागतो की काय.

मागच्या सोमवारी तू म्हणालास,
"तिथं फोन जमा करून घेतात. आई, सराव करूया."
आणि फोन बंद करून घरातच माळ्यावर जाऊन बसलास.
अकरापर्यंत ती ठीक होती.
मग तिनं वैजूला वर पाठवलं, विळी आणायला.
विळी चुलीपाशीच होती.
मग स्वतः शिडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आली म्हणे,
आणि उतरली.
दुपारी मला कारखान्यात फोन :
"तो जेवला काय, जरा विचारून सांगा."
मी पाच किलोमीटरवर, भट्टीपुढं.
तू तिच्या डोक्यावर.

रात्री वैजूनं पुस्तकातला नकाशा पसरला.
आईला जवळचा समुद्र हवा होता,
घाट उतरला की लागतो तो,
जिथं तिची मावशी आहे, जिथून मासळीचा टेम्पो येतो.
हा तर पार तिकडचा.
"आपली मलप्रभा तिकडंच जाते की," वैजू म्हणाली,
"कृष्णेत मिळून."
"मध्ये धरण आहे," मी म्हटलं. उगाच म्हटलं.
आई नकाशाकडे न बघता म्हणाली,
"असूंदे. दारं काढतातच की कधीतरी."

उद्या लोंढ्याहून गाडी.
सहा पांढरे बनियन, काळं पॉलिश,
निळ्या पडद्यापुढचे बारा फोटो,
ज्यात तू आमच्यातल्या कुणासारखाच दिसत नाहीस.
खायचं काही आणू नये, असंही पत्रात आहे.
बुटांत नाचणीचे लाडू आहेत, कागदात गुंडाळून, एका बुटात दोन.
मी पाहिले. तूही पाहिलेस.
काढले कुणीच नाहीत.

कुलपांबरोबर चार किल्ल्या आल्या.
तीन तुझ्या गळ्यातल्या दोरीत ओवल्या,
चौथी मी ठेवून घेतली.
हरवलीस तर असावी, म्हटलं.
म्हणजे तू हरवायची,
आणि मी दोन रात्री गाडीत बसून
मुठीत एक किल्ली घेऊन
तुझ्या फाटकावर उभं राहायचं.
तू हसलास. पण परत मागितली नाहीस.

आता ती खिळ्याला आहे, सायकलच्या किल्लीशेजारी.
तू झोपलायस.
आई पदराला हात पुसत विचारते,
"ही कशाची ओ?"