लाईट गेल्यावर

वडगावात माग चालू असले की
आभाळाला काही बोलता येत नाही.
हेडफोनमध्ये नुसती घरघर,
खांबावरच्या तारांची, ट्रान्सफॉर्मरची, कुणाच्या तरी फ्रीजची,
एकच जाड सूर, उतरलेल्या तंबोऱ्यासारखा.
म्हणून मी हेस्कॉमच्या कृपेची वाट बघतो.

कोपऱ्यावरचा भरमाण्णा मोटारी भरतो.
जळक्या मोटारीतली तांब्याची तार त्यानं दिली,
कशाला ते विचारलं नाही, वजन तेवढं केलं.
हातमागाच्या वेळचा रहाट माळ्यावर होता.
त्यावर दोनशे वेढे,
एक बारकं सर्किट, नऊ व्होल्टची बॅटरी,
सगळं गच्चीत, पाण्याच्या टाकीला टेकवून.

सव्वाअकराला माग एकेक थांबतात.
धोटे जिथल्या तिथं.
मग ऐकू येतं:
जोंधळ्याच्या लाह्या फुटाव्यात तसे
लांब समुद्रावरच्या विजांचे कडाके.
मधूनच टिंव्,
ताणलेल्या सुतावर नख मारल्यागत.

शीळ मात्र सव्वीस रात्री आली नाही.
आपल्या पट्ट्यात ती क्वचित उतरते, वाचलं होतं.
सत्ताविसाव्या रात्री उतरली.
विषुववृत्तापलीकडं कुठंतरी वीज चमकलेली;
पृथ्वीच्या चुंबकाची कमान चढून
इकडं येता येता ती विस्कटली,
बारीक सूर पुढं, जाड मागनं,
पुरता एक सेकंदसुद्धा नाही.

रेकॉर्डिंग इराव्वाच्या कानाला लावलं.
पायरीवर वारं घेत बसली होती.
"आमची मोटारच की रं ही,
करंट गेल्यावर अशीच उतरती."
हेडफोन परत देऊन
तिनं पदर सारखा केला.

ती शीळ मी कीबोर्डात भरली.
वरच्या पट्टीवर चिमणी होते,
मधल्या सा वर जशीच्या तशी.
सगळ्यात खालच्या पट्टीवर
चार सेकंद उतरत राहते,
संपली म्हणावं तर अजून थोडी असते.

परवा खासबागेत हळद होती.
ऑर्केस्ट्रात दोन गाण्यांच्या मधे
गायक पाणी पीत होता.
बोट खाली गेलं.

पाळी संपवून तशीच आलेली पोरं,
अंगावर सुताची भुस्कटं,
पंगतीतले म्हातारे, वाढपीसुद्धा,
सगळ्यांच्या माना एकदम वर.
"लाईट गेली?"
"करंट होतेनु?"

बल्ब सगळे पेटलेलेच होते.
माझं बोट अजून पट्टीवर होतं.