हॉर्न दाबून बघ

पहिल्यांदा ती आली तेव्हा यूमात एकशे पंधरा होतं.
गाडीच्या दाराची मूठ धरायला
ती हातात फडकं घेऊन हिंडत होती.
दोन हजार नऊची ब्यूक. मागच्या सीटवर
घडी घातलेला वॉकर, रबरी मोज्यांचे खोके,
कुणातरी म्हाताऱ्याची उशी.
डेल्फिना ओरोस्को. घरोघरी जाऊन
अंथरुणाला खिळलेल्यांना आंघोळ घालते.
"हवा येते," म्हणाली, "पण कुणीतरी सुस्कारा सोडल्यासारखी."

मी बॉनेट उघडलं. क्लच ओढत नव्हता.
मागे आठ गाड्या रांगेत,
माझा एक हात अजून दुसऱ्याच गाडीच्या तेलात.
कॉम्प्रेसर गेला, म्हणालो.
किती सहज म्हणालो,
पलीकडच्या गल्लीतलं कुणी गेल्यासारखं.

अकराशे चाळीस डॉलर.
तिने ते तीन कार्डांवर वाटले,
तिसरं कार्ड यंत्राने दोनदा नाकारलं.
गाडी गार झाली,
अकरा दिवस.

मग मी म्हणालो, कंडेन्सर. सहाशे वीस.
मग म्हणालो, अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल,
आत कुठेतरी बारीक गळती असणार.
असणार.
आमच्या धंद्यातला हा सगळ्यात महाग शब्द,
बिलात तो वेगळा दाखवत नाहीत.
तिने अंदाजपत्रकाची चौघडी केली, खिशात ठेवली,
"बघते" म्हणाली.
सीटबेल्टवर घामाच्या मिठाची
नागमोडी रेघ होती. ती मी पाहिली होती.
पाहिली, आणि पुढच्या गाडीकडे वळलो.

त्यानंतरचं तिच्याकडून कळलं.
तिच्या मंगळवारच्या घरी एक मिस्टर ट्विचेल,
एका पायाचे, ब्याऐंशीचे.
चाळीस वर्षं इथल्या लेट्यूसच्या शीतगृहांत
रात्री-अपरात्री यंत्रांची नाडी धरलेला माणूस.
ओसरीवरच्या चाकाच्या खुर्चीतून म्हणाले,
गाडी चालू कर. एसी लाव. आता गप्प.
दोघं गप्प. समोरच्या घरचा कुत्राही.
"टक् कुठाय?" म्हातारा म्हणाला.
"आधी टक् व्हायला हवं."
मग सांगितलं, फ्यूजच्या डब्यात बघ,
जुळ्या भावांसारखे दोन रिले असतील,
एक हॉर्नचा, एक एसीचा.
त्यांच्या जागा बदल.
तिने त्यांच्याच नखांच्या चिमट्याने बदलल्या.

ऑक्टोबरात ती चौथ्यांदा आली.
मी वाक्यं जुळवून ठेवली होती:
तेव्हा लक्षणं तशीच होती,
जुनी गाडी म्हटलं की एकामागून एक निघतंच.
तिने किल्ली पुढे केली.
"आत बस. हॉर्न दाबून बघ."

बसलो. गुडघ्यांवर गार झोत,
अंगावर काटा येईल इतका गार.
हॉर्न दाबला. काही नाही.
तळहाताने दाबला, मग कोपराने.
काचेपलीकडे ती उन्हात उभी,
हातात जेवणाचा डबा,
ओठ किंचित मुडपलेले.

"अठरा डॉलरला मिळतो," ती म्हणाली.
"महिनाभर हॉर्नशिवाय चालवतेय.
मुद्दामच घेतला नाही.
तुला ऐकवायचं होतं."

फळीवरचा नवा रिले काढून बसवला.
हॉर्न एवढ्यांदा वाजला की
आतला पोऱ्या पाना टाकून बाहेर आला.
पैसे परत केले का, विचाराल.
कंडेन्सरचे केले.
कॉम्प्रेसरचे हप्त्यांनी देतोय, दोन झाले,
बायकोला अजून सांगितलेलं नाही.

तिचा जुना कॉम्प्रेसर मागे भंगारात पडला होता.
काल दुकान बंद केल्यावर
त्याच्यावरची धूळ पुसली, रेडिओ बंद केला,
बॅटरीच्या दोन तारा लावल्या.

टक्.