झाकण

बापदेव घाटात, तिसऱ्या वळणावर,
डिपस्टिक आपणहून बाहेर आली म्हणे.
"बॉनेटखाली सगळीकडं ऑईल, मॅडम,
कुणी आतून थुंकल्यासारखं," ओजस सांगत होता,
आणि माझ्या मागं बघत होता,
मेकॅनिक कुठं दिसतोय का.

अठ्ठ्याण्णवची एस्टीम. हेड घासून घेतलेलं.
टर्बो कुठल्याशा डिझेल गाडीचा,
जुन्या बाजारातून, बुधवारचा, पिशवीत घालून आणलेला.
टॅपेट कव्हरवर लाल जाळीची ब्रीदर कॅप,
इवलीशी, क्रोमच्या काठाची,
हळदीतल्या मामाच्या फेट्यासारखी मिरवणारी.
"साडेचारशेची आहे. इंजिनाला श्वास घ्यायला."

घ्यायला नव्हे रे. सोडायला.

कुठलीच रिंग शंभर टक्के धरत नाही.
कोऱ्या इंजिनातही थोडा जाळ
पिस्टनच्या कडेनं निसटतो खाली,
अंधारात, जिथं क्रँक ऑईल घुसळत असतो.
कंपनीनं त्याची सोय केली होती:
करंगळीएवढी नळी,
आतली वाफ परत आत नेऊन जाळणारी,
घरचं घरातच.
ती यानं उपटली. कळकट दिसायची म्हणून.
भोकात बोल्ट, बोल्टावर टेफ्लॉन टेप,
टेपवर आणखी टेप.

मी लाल टोपी काढली, ओठ लावले, फुंकलं.
फुंकर माझ्याच घशात परत आली,
जळकी, कडू.
जाळीच्या आत काळं लोणी गच्च बसलं होतं.

दाब मजबूत जागा कशाला शोधेल?
जिथं रबर म्हातारं झालंय
तिथं तो बोट घालतो.

यासीन उस्ताद इंजिन चालू ठेवायचे,
ऑईलचं झाकण काढून
उलटं नुसतं टेकवायचे भोकावर,
आणि बिडी न पेटवता बघत बसायचे.
थरथरलं तर, अजून दोन वर्षं.
नाचायला लागलं तर, रिंगा गेल्या.
उडालं,
तर आधी मालकाला चहा सांगायचे, बातमी नंतर.

सतरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली, नाना पेठेत.
त्यांचा मुलगा मस्कतला गेला तो गेलाच.
उस्तादांचं झाकण हललेलं
मी पाहिलं नाही.
एकदाच, गॅस्केट मोजता मोजता,
पंचविसानंतर पुन्हा सतरा म्हणाले
आणि तिथूनच पुढं मोजत राहिले.
मी काही बोलले नाही.
त्या दिवशी हिशेबात आठ गॅस्केट जास्त भरली.

बोल्ट काढला तेव्हा सुस्कारा ऐकू आला,
असं मला म्हणायला आवडलं असतं.
इंजिन बंद होतं. काहीच आलं नाही.

स्टीलचा डबा घेतला, मुलांच्या खाऊचा असतो तसा,
आत भांड्यांची तारेची घासणी,
झाकणाला दोन नळ्या:
एकीत एकतर्फी व्हॉल्व्ह, बूस्ट उलटा शिरू नये म्हणून,
दुसरी टर्बोच्या तोंडाआधी.
"हवेतच सोडली तर? रेसवाले सोडतात."
रेसवाले सिग्नलला काचा खाली करून
थांबतात का नळ स्टॉपला?
आणि पीयूसीवाल्याला काय सांगशील, छंद आहे?

संध्याकाळी गाडी चालू केली.
झाकण उलटं टेकवलं.
दोघं वाकून बघत होतो.
थरथरलं, किंचित,
झोपलेल्या माणसाच्या पापणीएवढं.
ओजसनं न विचारता वर तळहात धरला,
म्हणाला, "गरम लागतंय."

डबा दर हजार किलोमीटरला रिकामा कर.
डिसेंबरात दुधाळ पाणी निघेल, घाबरू नको.
पण ओतण्याआधी बघ किती साठलं ते,
वहीत लिही. वाढत गेलं तर ये.

लाल टोपी त्यानं परत मागितली.
रॉकेलमध्ये धुऊन दिली. आता आरपार दिसतं तिच्यातून.
तो गेल्यावर दोनदा चूळ भरली,
पेरू खाल्ला मीठ लावून,
तरी तोंडातली चव
गेली नाही.