तीनच्या आकड्यावर

उल्व्हरस्टोनच्या जत्रेत, लाकूडतोडीच्या शर्यतीला
पंच मोठ्यानं आकडे मोजायचा.
नवखी पोरं तीनवर सुटायची,
मधले दहावर, पंधरावर,
आणि मी, डेझमंड पायबस,
कुऱ्हाड खाली टेकवून उभा,
सगळ्यांच्या ढलप्या उडताना बघत,
सत्तावीस ऐकू येईपर्यंत.
जो सगळ्यात बळकट, त्यानं सगळ्यात जास्त थांबायचं.
नियमच तसा.

आता दर तीन महिन्यांनी पोटाच्या कातडीखाली सुई.
नर्स म्हणाली, गाठीचा खुराक तोडतोय आपण.
तोच माझाही खुराक होता
हे मला उशिरा कळलं.
आधी नडगीवरचे केस गेले,
मग दंड.
जुलैत बीटरूटच्या बरणीचं झाकण फिरेना.
विनिफ्रेडनं बरणी माझ्या हातातून घेतली,
उघडली,
काही बोलली नाही.

रात्री दोनला अंगातून आग निघते.
खिडकी उघडून समुद्राचं गार वारं आत घेतो.
विनी कूस बदलत म्हणते,
"आता कळलं, माझी ती चार वर्षं कशी गेली?"
कळलं.

मंगळवार आणि शुक्रवार.
तरणतलावामागची खोली, क्लोरीनचा वास.
ब्रायनी चोवीस वर्षांची आहे. म्हणते,
खुर्चीतून उठा. हात न टेकता.
अगं, मी उभ्या खोडात फळ्या रोवून
वर चढत गेलेला माणूस,
आणि तू मला खुर्ची दाखवतेस?
आठव्या वेळी मांड्या लटपटल्या.
नववी झालीच नाही.
शेजारी पोस्टातला कॉलिन
पिवळ्या रबरी पट्ट्याशी झुंजत असतो.
कितवी सुई, कोणी कोणाला विचारत नाही.
छाती मऊ झाल्येय, म्हणून टीशर्ट सैल.
इथं सगळ्यांचेच टीशर्ट सैल.

एकदा विचारलं तिला,
सुया चालू असताना ताकद परत येते का?
खोटं नाही बोलली.
"येते. हळू.
आणि तुम्ही इथं आला नसतात तर जे गेलं असतं,
तेही जमेला धरा."
न गेलेलं जमेला धरायचं!
हा हिशोब मला अजून पुरता पटलेला नाही.

अकरा आठवडे झाले. खुर्चीतून चौदा वेळा.

काल शेडमध्ये गेलो.
शर्यतीची पाती पेटीत, तेलाच्या फडक्यात.
त्यांना हात लावला नाही.
शेगडीच्या लाकडांची बोथट कुऱ्हाड उचलली,
एक सुका ओंडका उभा केला,
आणि कोण जाणे का,
पंचासारखा मोठ्यानं मोजू लागलो.
एक.
दोन.
तीनला सुटलो.

पहिला घाव तिरका गेला, बुटाच्या फार जवळ.
दुसरा बसला.
तिसऱ्याला दम लागला, टेकून उभा राहिलो,
मग चौथा.

मागे कुठेतरी तो अजून उभा असेल,
कुऱ्हाड टेकवून, सत्तावीसची वाट बघत.
थांबू दे त्याला.