नव्वद नंबर

दस्तगीरमामूंनी आधी बोट बुडवलं,
मग ते नाकाशी नेलं.
"गंधक," म्हणाले. "हे नको."
आणि डबा सरकवला माझ्याकडे.
माझ्याच दुकानातला, सगळ्यात भारी,
ज्याच्यावर मला डब्यामागे चाळीस रुपये सुटतात.

उद्यमबागेत दुपार. समोरच्या फौंड्रीत
ओतकाम चाललेलं, जळक्या वाळूचा वास.
खड्ड्यावर जीप, चव्वेचाळीस सालची.
सुभेदार धामणेकरांच्या वडिलांनी
कॅम्पातल्या लिलावात घेतलेली.
बॉनेटवरचा लष्करी आकडा
तीनदा रंग दिला तरी
ऊन तिरकं झालं की वर येतो.

"मामू, ट्रकवाले सगळे हेच घालतात की,"
सुभेदार म्हणाले, "दात झिजत नाहीत म्हणे."
"दात नाही झिजत.
दातांच्या मधलं झिजतंय."

तळाचं बूच काढलं. जुनं तेल
परातीत उतरलं, काळं, सावकाश,
आणि त्यात सोनेरी चुरा.
"सोनं की हो!" बसू ओरडला.
मामू हसले नाहीत.
"पितळ हाय ते. गेल्या वर्षी तेल कुणी भरलं?"
सुभेदारांनी टोपी काढली, परत घातली.
"जावयानं."

मग मामूंनी माझा स्टोव्ह मागितला.
जळक्या मोटारीतली तांब्याची तार सोलली,
पॉलिश पेपरनं घासून नव्या नवरीसारखी केली,
तीन तुकडे, तीन वाट्या, तीन तेलं,
वाट्या उकळत्या पाण्याच्या पातेल्यात.
"आता तीन तास कुणी बोलायचं नाही," म्हणाले,
आणि स्वतःच बोलत बसले,
अर्धं कन्नड, अर्धं मराठी, शिव्या तेवढ्या उर्दूत.

पहिल्या गिअरला काही नसतंय, तो रांगडा.
दुसऱ्याला मात्र एक पितळी कडं :
दोन चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरतात,
हे मधे शिरतं, दोघांना अंग घासू देतं,
दोघं एका चालीत आली की बाजूला होतं.
आवाज नाही, तक्रार नाही.
गंधकाचं तेल पोलादाला जपतंय,
ह्याला खातंय.
(मी गिअरबद्दलच सांगते आहे.
ह्या गावात कुठलीही गोष्ट
दुसऱ्याच गोष्टीबद्दल समजतात.)

सुभेदार चोर्ल्याचा घाट सांगत होते,
वडील दुसऱ्यात घालायचे, क्लच दोनदा दाबून,
आणि आई मागं डोळे मिटून बसायची.
त्यांचा हात हवेतच
दांडा ओढत होता.
दोनदा चहा झाला. एकदा लाइट गेली.

माझ्या भारी डब्यातली तार
करपलेल्या भाकरीच्या कडेसारखी काळी.
मधली जांभळट.
तिसरी जशी गेली तशीच आली,
नव्वद नंबरचं साधं तेल,
मागच्या फळीवरचं, धूळ बसलेलं,
लेबल उंदरांनी खाल्लेलं.
उसाच्या चरकवाल्याला देऊन टाकणार होते मी ते.

दोन्ही पेट्या त्यानंच भरल्या.
बसू पिचकारी मारत होता,
मामू पाठीवर, भोकाशी करंगळी लावून.
पहिला थेंब बाहेर ओघळला, तसे
"साक्," म्हणाले. पुरे.
त्याच्यावर एक थेंब घालू दिला नाही.

जीप खानापूर रोडला लागली.
पहिल्यातून दुसऱ्यात पडताना
काही ऐकू येतंय का, म्हणून आम्ही तिघं
फाटकात कान देऊन उभे.
फौंड्रीचा भोंगा झाला तेवढाच.

नफा आठ रुपये. स्टोव्हचं रॉकेल माझंच.
काळी तार गल्ल्यात ठेवली आहे.
परवा एकजण आला, म्हणाला,
"मंदाक्का, सगळ्यात जोरदार असेल ते द्या."
मी विचारलं, "गाडी कुठली?"